होडीचं नाक किती वर?

मालवणच्या दक्षिणेला देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. पर्यटकांना फिरवून आणणाऱ्या फायबरच्या होड्या तिथे ये-जा करत असतात. शाळेची सहल घेऊन कधी तिकडे गेलात, तर आजूबाजूचं दृश्य पाहता पाहता होडीच्या मागे लावलेल्या मोटरकडेही थोडं लक्ष द्या. होडी वेग घेऊ लागते तेव्हा तिचं नाक, म्हणजे नाळ, एकदम वर उचलली जाते. पुढचं काही दिसेनासं होतं, मोटर जोर लावून घरघरते, मागे पाण्यात मोठा खळगा पडतो. थोड्याच वेळात नाळ खाली येते आणि होडी हलकी होऊन पाण्यावरून पळू लागते. मोटर मोठी असेल तर याच सुमारास होडीवाला अंगठ्याने एक बटण दाबतो. अख्खी मोटर किंचित मागे कलते आणि तिचा आवाज बदलतो. पुढे वाळूचा दांडा जवळ आला की वेग कमी करून तो तेच बटण दाबून धरतो. आता मोटर कलतच जाते आणि तिचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतो.

मोटारगाडी चालवताना कोणी तिचं इंजीन पुढेमागे कलवत नाही. मग होडीची मोटर चालू असताना का कलवावी लागते? चार-पाच अंशांच्या फरकाने असं काय बिघडतं किंवा सुधारतं? नववी-दहावीला शिकवतो तेवढं भौतिकशास्त्र या प्रश्नाला पुरतं, म्हणून तो आम्हाला वर्गात नेण्यासारखा वाटतो.

होडीबाहेरची मोटर

कोकणातल्या मोठ्या मच्छीमार नौकांमध्ये डिझेल इंजीन नौकेच्या पोटात असतं. तिथून एक दांडा तळातून मागे बाहेर जातो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. ही रचना एकदा बसवली की तिचा कोन बदलत नाही. लहान होडीची मोटर मात्र होडीच्या बाहेर, मागच्या आडव्या फळीवर शिकंजांनी किंवा बोल्टांनी अडकवलेली असते, म्हणून तिला आऊटबोर्ड म्हणतात. वर इंजिनाचं डोकं, मध्ये उभा पाय आणि पायाच्या तळाशी गिअर व पंखा, अशी ही सगळी एकजीव वस्तू आहे. होडी वळवायची तर ही मोटरच डावी-उजवीकडे फिरवतात. त्यामुळे वेगळं सुकाणू लागत नाही.

अशी मोटर खपाऊ करण्याचं श्रेय सहसा ओले एव्हिनरुड यांना दिलं जातं. ते जन्माने नॉर्वेचे. लहानपणीच अमेरिकेत गेले आणि मिल्वॉकी शहरात यंत्रांची कामं करू लागले. उन्हाळ्याच्या दिवसांत तळ्यापलीकडून आइसक्रीम आणायला त्यांना वल्ही मारत जावं लागलं, परत येईपर्यंत ते वितळलं आणि तिथेच मोटरची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, १९०९ साली त्यांची मोटर बाजारात आली. ताकद दीड हॉर्सपॉवर आणि वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो. त्याआधी काही वर्षं कॅमेरॉन वॉटरमन यांनीही तशी मोटर बनवली होती. एव्हिनरुड हे नाव पुढे शंभरहून अधिक वर्षं मोटरींवर राहिलं. २०२० साली त्या नावाच्या मोटरींचं उत्पादन थांबलं.

आऊटबोर्ड मोटर फळीवर एका बिजागरीवर टांगलेली असते, म्हणून तिचा पाय पुढेमागे झुलू शकतो. या झुलण्याचे दोन भाग पाडतात. पहिले साधारण पंधरा-वीस अंश वेगात चालताना वापरायचे असतात; त्याला ट्रिम म्हणतात. त्यापुढे पाय पाण्याबाहेर येईपर्यंतचा मोठा कोन म्हणजे टिल्ट. तो उथळ पाण्यासाठी, किनाऱ्याला लागण्यासाठी आणि मोटर उचलून ठेवण्यासाठी असतो. ट्रिम हा शब्द मुळात जहाजांचा आहे. जहाज पाण्यात पुढून किती आणि मागून किती बुडालं आहे, यातला फरक म्हणजे त्याचं ट्रिम. मोठ्या जहाजावर तळातल्या टाक्यांमध्ये पाणी घेऊन किंवा काढून ते साधतात. लहान होडीवर हेच काम मोटरचा कोन करतो, आणि होडीत बसलेली माणसं कुठे बसली आहेत तेही.

रेटा कुठे लागतो?

पंख्याचा दांडा होडीच्या तळाला समांतर असेल तेव्हा ट्रिम शून्य समजू. पायाचं खालचं टोक होडीकडे ओढलं तर 'आत' आणि होडीपासून दूर नेलं तर 'बाहेर' असं म्हणू. होडीवाल्यांनाही ही भाषा कळते.

पंखा पाण्याचा झोत मागे फेकतो आणि पाणी त्याला पुढे रेटतं. हा न्यूटनचा तिसरा नियम. रेटा नेहमी झोताच्या बरोबर उलट दिशेला. आता मोटर आत घ्या. पाय पुढे गेल्यामुळे पंख्याचं तोंड थोडं खाली वळतं, झोत मागे आणि किंचित खाली जातो, म्हणून रेटा पुढे आणि किंचित वर लागतो. तो होडीच्या शेपटीला लागत असल्याने शेपूट वर उचललं जातं आणि नाळ खाली दबते. मोटर बाहेर काढली तर सगळं उलटं: झोत मागे आणि किंचित वर, रेटा पुढे आणि किंचित खाली, शेपूट दबतं, नाळ उठते.

मुलांना हे पटकन पटत नाही. 'मोटर मागून वर केली तर होडीही मागून वर व्हायला हवी ना?' असा प्रश्न येतोच. अशा वेळी टबात थर्माकोलचा जाडसर तुकडा तरंगत ठेवा आणि त्याच्या मागच्या कडेला पेन्सिलीने ढकला. पेन्सिल आधी आडवी धरा, मग तिचं टोक थोडं वरच्या दिशेने लावून, मग खालच्या दिशेने लावून ढकला. टोक वर ढकलत असेल तर पुढची कड बुडते, खाली ढकलत असेल तर उचलली जाते. पंखा म्हणजे पाण्यात धरलेली ही पेन्सिलच.

आता थोडे आकडे. साडेपाच मीटर लांबीची एक होडी घेऊ. माणसं, मोटर, इंधन धरून तिचं वजन ८०० किलो. वेगात असताना पंख्याचा रेटा १००० न्यूटन, म्हणजे साधारण १०० किलो वजनाइतका. होडीचा गुरुत्वमध्य पंख्याच्या अडीच मीटर पुढे आहे असं समजू. पंख्याचा दांडा पाण्याच्या पृष्ठभागापासून ५ अंश कललेला असेल, तर रेट्याचा आडवा भाग १००० × कोज्या ५°, म्हणजे ९९६ न्यूटन. होडीला पुढे नेणारं बल हजारात फक्त चारने कमी झालं. उभा भाग मात्र १००० × ज्या ५°, म्हणजे ८७ न्यूटन. नऊ किलोचं ओझं शेपटीवर ठेवावं किंवा तिथून काढावं, तसं हे झालं. १० अंशांना आडवा भाग ९८५ न्यूटन उरतो आणि उभा भाग १७४ होतो. म्हणजे पुढे जाण्याची ताकद जवळजवळ न गमावता होडी पुढून उचलण्याची किंवा दाबण्याची सोय होते. लहान कोनांना कोज्या फारशी बदलत नाही, ज्या मात्र झपाट्याने वाढते. त्रिकोणमितीच्या तक्त्यातली ही गोष्ट इथे होडीवाल्याच्या अंगठ्याखाली आलेली आहे.

हे बल गुरुत्वमध्यापासून अडीच मीटर अंतरावर लागतं, त्यामुळे त्याचं आघूर्ण मोठं असतं. मोटर ५ अंश आत होती ती ५ अंश बाहेर नेली, तर उभ्या बलात एकूण १७४ न्यूटनचा फरक पडला आणि आघूर्णात १७४ × २.५, म्हणजे ४३५ न्यूटन-मीटरचा. हा आकडा वर्गात कोरडा वाटेल. तो असा सांगता येईल: ६० किलोच्या माणसाचं वजन ५८८ न्यूटन. तो होडीत पाऊण मीटर मागे सरकून बसला, तर एवढाच फरक पडेल. बटणावरचा अंगठा एका माणसाला न उठवता पुढच्या फळीवरून मागच्या फळीवर नेतो.

स्वतःच्याच लाटेचा चढ

नाळ किती उचललेली असावी, हे आता पाहू. होडी उभी असताना किंवा सावकाश जाताना तिला आर्किमिडीजचं प्लावक बल तोलून धरतं. जेवढं वजन तेवढं पाणी बाजूला सारलं जातं. वेग वाढला की होडीच्या पुढे लाट उठते, आणि जितका वेग अधिक तितकी लाट लांब. खोल पाण्यातल्या लाटेचा वेग म्हणजे ग गुणिले तरंगलांबी भागिले दोन पाय, यांचं वर्गमूळ. इथे ग म्हणजे गुरुत्वत्वरण, ९.८. तरंगलांबी साडेपाच मीटर घातली तर वेग सेकंदाला २.९ मीटर येतो, म्हणजे ताशी साडेदहा किलोमीटर. या वेगाला लाटेची लांबी होडीइतकीच होते. नाळेखाली एक उंचवटा, शेपटीखाली दुसरा. त्याहून वेगात जायचं तर मागचा उंचवटा होडीच्या मागे राहतो, शेपूट खळग्यात घसरतं, आणि होडीला स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो. सुरुवातीला नाक आकाशाकडे जातं आणि मोटर घरघरते ती यामुळे.

ताकद पुरेशी असेल तर हा चढ ओलांडता येतो. मग होडी पाण्यात तरंगण्यापेक्षा पाण्यावरून घसरू लागते. सपाट तळ पाण्याला खाली ढकलतो आणि पाणी तळाला वर उचलतं. चपटा दगड तळ्यावर टप्पे खात जातो तो याच तत्त्वावर. क्लाने, हर्सेन आणि बोके या फ्रेंच शास्त्रज्ञांनी २००४ साली यंत्राने चकत्या फेकून असं दाखवलं, की चकती पाण्याशी सुमारे २० अंशांचा कोन करून पडली तर टप्पे सर्वांत चांगले पडतात. दगडाला क्षणभर आपटून उडायचं असतं. होडीला तासभर घसरायचं असतं, म्हणून तिचा सोयीचा कोन बराच लहान आहे.

तो लहान का, हे उतरणीच्या गणिताने कळतं. होडीचा तळ पाण्याशी कोन करून पुढे जातो, तेव्हा पाण्याचा दाब तळाला काटकोनात लागतो. त्याचा उभा भाग होडीचं वजन पेलतो आणि आडवा भाग तिला मागे ढकलतो. हा मागे ढकलणारा भाग म्हणजे वजन गुणिले त्या कोनाची स्पर्शज्या. आपल्या ८०० किलोच्या होडीला २ अंशांना २८ किलोइतका अडथळा होईल, ४ अंशांना ५६, ६ अंशांना ८४ आणि ८ अंशांना ११२. म्हणजे नाळ जितकी वर तितका चढ तीव्र.

मग नाळ अगदी खालीच का ठेवू नये? कारण घर्षण. कोन कमी झाला की तेच वजन पेलायला तळाचा जास्त भाग पाण्याला टेकवावा लागतो, आणि भिजलेला भाग वाढला की पाण्याचं घर्षण वाढतं. एक अडथळा कोनाबरोबर वाढतो, दुसरा घटतो. दोघांची बेरीज कुठेतरी मध्ये सर्वांत कमी होते. अमेरिकेतले डॅनिएल सॅवित्स्की यांनी १९६४ साली अशा होड्यांच्या गणिताची रीत प्रसिद्ध केली. होड्यांचे आराखडे करणारे आजही ती वापरतात. साधारण सपाट तळाच्या होडीला हा किमान अडथळ्याचा कोन ४ अंशांच्या आसपास येतो. आलेखाच्या वहीवर वरचे चार बिंदू मांडा, त्यावर घटत जाणारी घर्षणाची एक वक्ररेषा काढा आणि बेरजेची तिसरी रेषा विद्यार्थ्यांना काढू द्या. मधला खळगा त्यांना स्वतःच सापडेल.

इथे आणखी एक गंमत जुळते. होडी ४ अंश नाक वर करून धावत असेल आणि मोटर शून्य ट्रिमवर असेल, तर होडीबरोबर पंख्याचा दांडाही ४ अंश कललेला असतो आणि रेट्याचा थोडा भाग शेपूट उचलण्यात जातो. मोटर सुमारे ४ अंश बाहेर काढली की दांडा पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर येतो. दांडा आडवा असू द्यावा, हा अनुभवी लोकांचा ठोकताळा यातूनच आला आहे.

कानाने लावायचा कोन

आता होडीवाल्याच्या हालचालींचा अर्थ लागतो. निघताना मोटर पूर्ण आत, म्हणजे शेपूट उचललं जातं आणि लाटेचा चढ लवकर ओलांडला जातो. होडी घसरू लागली की मोटर थोडी थोडी बाहेर. नाळ उठते, भिजलेला तळ कमी होतो, आणि त्याच हँडलवर इंजिनाचे फेरे वाढलेले ऐकू येतात. काही मोटरींना कोन दाखवणारा काटा असतो. पण सवयीचा माणूस काट्यापेक्षा कानावर आणि हातावर अधिक विसंबतो, कारण योग्य कोन वजनानुसार, लाटांनुसार, वाऱ्यानुसार बदलतो. मोटर फार आत असेल तर सुकाणूचा दांडा जड लागतो आणि एका बाजूला ओढ घेतो. बाहेर नेता नेता एका जागी तो हलका होतो.

मोटर गरजेपेक्षा बाहेर गेली तर ते दोन रीतींनी कळतं. पहिली, होडी नाकाने डुलू लागते. नाळ उठते, आपटते, पुन्हा उठते. पाण्याबाहेर उड्या घेणाऱ्या माशाची आठवण व्हावी अशी ही चाल. वेग तोच असताना पाणी शांत असूनही हे होत असेल, तर दोष लाटांचा नाही. मोटर जरा आत घ्यावी, नाहीतर वेग कमी करावा. दुसरी खूण म्हणजे इंजीन एकाएकी किंचाळतं आणि होडी मात्र मंदावते. मोटर बाहेर काढताना पंखाही वर येतो, आणि तो पृष्ठभागाच्या फार जवळ गेला की वरची हवा खाली ओढून घेतो. हवा पाण्याच्या जवळजवळ आठशेपट हलकी. पात्यांना ढकलायला काही जडच मिळत नाही, म्हणून ती मोकळी फिरतात. हे होऊ नये म्हणून पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते.

या पट्टीला बाजारात कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, आणि ते नाव चुकीचं आहे. कॅव्हिटेशन ही वेगळी घटना आहे. पात्याच्या पाठीमागे दाब फार कमी झाला, तर तिथलं पाणी न तापताच उकळतं. ३० अंश सेल्सिअसला पाणी उकळायला दाब वातावरणाच्या सुमारे चोविसाव्या हिश्श्यावर यावा लागतो. वेगाने फिरणाऱ्या पात्यावर तसं होऊ शकतं. त्या वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. वरून हवा ओढली जाणं आणि पाणी उकळणं, दोन्ही वेळा बुडबुडेच दिसतात, पण कारणं निरनिराळी. पट्टी अडवते ती हवेला.

डुलणारी किंवा किंचाळणारी होडी त्रास देते, पण निदान ओरडून सांगते तरी. खरा धोका उलट्या चुकीत आहे. वेग वाढला आणि मोटर आतच राहिली, तर नाळ पाण्यात रुतून चालते. होडीचा टेकू मग मागे न राहता पुढे येतो, आणि थोडं वळवलं तरी शेपूट बाजूला फेकलं जातं. भरलेली हातगाडी मागून ढकलताना तिचं पुढचं चाक अडकलं की गाडी कशी आडवी होते, तसंच. बसलेली माणसं क्षणात पाण्यात जाऊ शकतात. खाडीच्या मुखावर हे विशेष जपावं लागतं, कारण आत येताना लाटा मागून येतात. मागची लाट शेपूट उचलते आणि नाळ पुढच्या लाटेच्या पाठीत घुसते. अशा वेळी मोटर थोडी बाहेर घेऊन नाळ मोकळी ठेवायची आणि वेग आवरायचा. समोरून लाटा येत असताना याच्या उलट, मोटर किंचित आत, म्हणजे नाळ लाटेवर आपटण्याऐवजी तिला कापत जाते. दोन्ही प्रसंगांना एकच कोन चालत नाही, आणि जाताना व येताना खाडीच्या त्याच मुखातून हे दोन्ही प्रसंग येतात.

मोटर चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जाकिटाला बांधायची एक लाल दोरी बहुतेक आऊटबोर्ड मोटरींबरोबर मिळते. माणूस पडला की दोरी ओढली जाऊन इंजीन बंद पडतं. चालकाविना फिरणारी होडी गोल गोल येऊन पाण्यात पडलेल्याच माणसावर जाते, म्हणून ती. अमेरिकेत २६ फुटांपेक्षा लहान मोटर-होड्यांसाठी अशा साधनाचा वापर १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने आवश्यक केला आहे. सहलीच्या वेळी होडीवाल्याने दोरी बांधली आहे की ती हँडलला नुसतीच लोंबते आहे, हे शिक्षकांनी बघायला हरकत नाही. लाइफ जॅकेट तर प्रत्येकाच्या अंगावर हवंच.

खिळीची भोकं

आतापर्यंत आपण बटणाच्या मोटरींबद्दल बोललो. लहान मोटरींना बटण नसतं. फळीवरच्या कंसात एकाखाली एक चार-पाच भोकं असतात आणि त्यांतल्या एकात आडवी खिळी घातलेली असते. मोटरचा पाय त्या खिळीला टेकून राहतो. कोन बदलायचा तर इंजीन बंद करून, पाय उचलून, खिळी दुसऱ्या भोकात घालायची. मोटर विकत घेताना खिळी ज्या भोकात होती तिथेच ती वर्षानुवर्षं राहते आणि मिठाने घट्ट होऊन बसते, असं अनेकदा होतं. हे आम्हाला खटकतं. मासेमारीची होडी जाताना जवळजवळ रिकामी असते आणि येताना जाळी, मासळी, बर्फ यांनी भरलेली. वजन मागे असेल तर नाळ आधीच वर असते. खिळी एक भोक आतल्या बाजूला घ्यावी. वजन पुढे असेल तर बाहेरच्या. याला पैसा लागत नाही. नको तो चढ दिवसभर चढण्यात मात्र पेट्रोल जळतं. खिळी हलवणं शक्य नसेल तर बर्फाची पेटी हलवावी. साठ किलोला पाऊण मीटर, हे गणित तिथेही लागू आहे.

बटणाच्या मोटरीत एक लहान विजेची मोटर तेलाचा पंप चालवते, आणि तेलाच्या दाबाने दट्टे पाय ढकलतात. मूळ तत्त्व पास्कलचं. अनेक मोटरींमध्ये दोन आखूड दट्टे ट्रिमसाठी आणि मधला एक लांब दट्टा टिल्टसाठी असतो. पंप दर सेकंदाला ठरावीकच तेल देतो. सुरुवातीला ते तिन्ही दट्ट्यांत वाटलं जातं, म्हणून पाय सावकाश पण मोठ्या ताकदीने सरकतो. पूर्ण रेट्याविरुद्ध ढकलायचं असल्याने ती ताकद लागतेच. आखूड दट्टे संपले की सगळं तेल एकट्या लांब दट्ट्याला मिळतं आणि पाय भरभर वर येतो, पण ताकद कमी होते. या स्थितीत कोणी जोरात वेग दिला तर पंख्याचा रेटाच पायाला पुन्हा खाली दाबतो. उथळ पाण्यातून हळूहळू जावं लागतं ते केवळ सावधगिरी म्हणून नव्हे, यंत्रालाही तेवढंच झेपतं.

सुकतीच्या वेळी वाळूवरून जाताना पाय वर घेण्याला आणखी एक मर्यादा आहे. इंजीन थंड ठेवणारं पाणी पायावरच्याच भोकांतून आत ओढलं जातं. ती भोकं पाण्याबाहेर आली की पंपातलं रबरी चक्र कोरडं फिरून थोड्याच वेळात खराब होतं आणि इंजीन तापतं. मोटरच्या मागून पाण्याची बारीक धार सतत पडत असते, ती याच पाण्याची. धार थांबली की इंजीन ताबडतोब बंद. उलट दिशेने जाताना आणखी वेगळीच अडचण येते: रेटा मागे लागतो आणि पाय आपोआप वर उचलला जाऊ पाहतो. म्हणून लहान मोटरींना मागे जाण्याच्या गिअरमध्ये अडकणारी एक कडी असते. पुढे जाताना ती मोकळी असते, म्हणजे एखादा ओंडका पायाला लागला तर पाय मोडण्याऐवजी वर उचलला जातो.

वर्गात करून पाहण्यासाठी

पाण्याखाली चालणारी मोटर वर्गात बनवणं कटकटीचं आहे. त्याऐवजी हवेचा पंखा घ्या. तीस सेंटिमीटर लांबीचा थर्माकोलचा तुकडा, खेळण्यातली तीन व्होल्टची मोटर, प्लास्टिकचा पंखा आणि दोन सेल एवढं पुरे. मोटर तुकड्याच्या मागच्या टोकाला जाड तारेवर बसवा, म्हणजे तार वाकवून कोन बदलता येईल. सेल मध्याजवळ चिकटवा. सगळं बसवून झाल्यावर हा सांगाडा आडवा धरून बोटावर तोलून पाहा. गुरुत्वमध्य मागच्या टोकापासून किती अंतरावर आहे ते कळेल. नाक खाली करून दोऱ्याने उभा टांगला, तर तो किती उंचीवर आहे तेही सापडेल: दोऱ्याची रेघ खाली वाढवली की ती त्यातूनच जाते. आता टबात तरंगत ठेवा आणि त्याच उंचीवर मागे दोरा बांधून तो टबाच्या कडेला अडकवा, म्हणजे होडी जागच्या जागी राहून नुसता रेटा लागेल. नाकाला खडूने खुणा केलेली पट्टी लावा.

पंखा आडवा ठेवून चालवला की नाक खाली जाईल, कारण इथे रेटा गुरुत्वमध्याच्या वरून जातो. आता पंखा असा कलवा की वारा मागे आणि थोडा वर फेकला जाईल. नाक उठू लागेल. मध्ये एका कोनाला ते पंखा बंद असताना होतं तिथेच राहील. त्या कोनाला पंख्याच्या दांड्याच्या रेषेत एक ताठ सळई धरून ती पुढे कुठून जाते ते पाहा. पंखा गुरुत्वमध्यापासून १५ सेंटिमीटर मागे आणि ५ सेंटिमीटर वर असेल, तर हा कोन सुमारे १८ अंश यायला हवा. पंखा आणखी दोन सेंटिमीटर उंच केला तर तो किती येईल, हे विद्यार्थ्यांना आधी कागदावर काढू द्या आणि मग तार वाकवू द्या.